पट्टा घातलाय, पण हुक कशात अडकवलाय?

गणपती तोंडावर आले की लाईट-साउंडवाल्यांच्या या पानाची पत्रं एकदम बदलतात. एरवी कुठला अ‍ॅम्प घेऊ, कुठला मिक्सर टिकतो असले प्रश्न, पण या खेपेला सहापैकी पाच पत्रं उंचीवरच्या कामाची आलीत. गेल्या महिन्यात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की घोड्याच्या, म्हणजे दुपाखी शिडीच्या, शेवटच्या पायरीवर उभं राहून शार्पी लाईट लावणारी पोरं बघितली की पोटात गोळा येतो, त्याचाच हा परिणाम दिसतोय. बरं झालं. मी पंचवीसेक वर्षं लाईट टांगतोय, पहिला स्पॉट टांगायला शिकलो ते कोल्हापूरच्या, २०२४ च्या आगीच्या आधीच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, तेव्हा आमच्याकडं सेफ्टी म्हणजे खांद्यावर दोर, खिशात पाना आणि तोंडात अंबाबाईचं नाव. त्यामुळं खाली जे लिहितोय ते शहाणपण आधीपासनं होतं म्हणून नाही, बरंचसं मार खाऊन आलंय.

प्रश्न : दादा, मी २२ वर्षांचा आहे, मंगळवार पेठेत राहतो, दोन वर्षं एका लाईटवाल्याकडं कामाला आहे. मालकानं कमरेचा पट्टा दिलाय, पण वर गेल्यावर तो कशात अडकवायचा हे कोण सांगत नाही, पोरं ट्रसच्या, म्हणजे लाईट टांगायच्या पाइपांच्या चौकटीच्या, तिरक्या पाइपात अडकवतात नाहीतर नुसता घालून फिरतात. आमचं काम १६-१८ फुटांचं असतं. एवढ्याला पट्टा खरंच लागतोय का?

उत्तर : भावा, तुझ्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत.

कमरेचा पट्टा आजच बाजूला ठेव. पडल्यावर सगळ्या अंगाचा हिसका एका कमरेला बसतो, माणूस मधोमध दुमडतो, मणका नि पोट दोन्ही जातं, आणि डोकं खाली झालं तर पट्ट्यातनं सटकून माणूस खाली. पाहिजे तो फुल बॉडी हार्नेस, मांड्यांतनं आणि खांद्यांवरनं पट्टे जाणारा, पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे डी रिंग असलेला. आपल्याकडच्या मालावर आयएस ३५२१ हा मानकाचा नंबर लिहिलेला असतो, बाहेरच्या मालावर ईएन ३६१. लेबलच नसेल नाहीतर घासून वाचताच येत नसेल तर तो हार्नेस नव्हे, दप्तराचा पट्टा समज. घालायच्या आधी रोज शिलाईवरनं बोट फिरव, दोरा उसवलाय का, पट्टा उन्हानं कडक पडलाय का, वेल्डिंगच्या ठिणगीचं भोक आहे का. मांडीचा पट्टा एवढा आवळ की तळहात सपाट आत जाईल पण मूठ जाणार नाही.

आता १६ फुटांचं. साधारण ५ मीटर धर. तेवढ्यावरनं खाली यायला एक सेकंद लागतो, आणि जमिनीला टेकताना वेग असतो ताशी ३६ किलोमीटर. म्हणजे रंकाळ्याच्या कडेनं गाडीवर चाललायस आणि ब्रेक न मारता सरळ भिंतीत. लागतोय का पट्टा, तूच सांग.

पण खरी गंमत पुढं आहे आणि ती मालकांनाही माहीत नसते. हार्नेसपासनं हुकापर्यंत जाणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाला दोर, म्हणजे लॅनयार्ड असतो ना, ज्याला ती जाडजूड शिवलेली पिशवी असते, तो दोन मीटरपर्यंत लांब असतो. पडल्यावर ती पिशवी फाटत फाटत उघडते, त्यामुळं अंगावरचा हिसका ६ किलोन्यूटनच्या म्हणजे साधारण ६०० किलोच्या आत राहतो, पिशवी नसती तर तोच हिसका टनाच्या पुढं गेला असता. पण उघडताना ती आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. वर तुझ्या पाठीच्या रिंगेपासनं पायापर्यंत दीड मीटर, आणि पायाखाली एक मीटर तरी मोकळी जागा पाहिजे. कर बेरीज. दोन, पावणेदोन, दीड, एक, सव्वासहा मीटर झाले, म्हणजे २० फुटांच्या वर. तुझा ट्रस १६ फुटांवर. म्हणजे चांगला महागाचा हार्नेस, ओरिजिनल लॅनयार्ड, सगळं नियमानं घालून तू जमिनीवर आपटणार आणि पिशवी उघडत राहणार!

म्हणून कमी उंचीला हुक डोक्याच्या वर अडकवायचा म्हणजे मुळात पडणंच कमी होतं, लॅनयार्ड आखूड घ्यायचा, नाहीतर रिट्रॅक्टेबल ब्लॉक घ्यायचा, गाडीच्या सीटबेल्टसारखा, हिसका बसला की थोडक्यात लॉक होतो. आणि सगळ्यात सोपं, १६ फुटांला चाकाची परांची घ्यायची, चारी बाजूनं कठडा असलेली, चाकं लॉक, बाहेरचे पाय पसरलेले, आणि वर माणूस असताना ढकलायची नाही. हे शेवटचं मी इथं लिहितोय आणि उद्या संध्याकाळी तुम्ही सगळे ढकलणार आहात, मला माहीत आहे.

हुक कशात? ट्रसच्या जाड सरळ पाइपाला, म्हणजे चार कोपऱ्यांतल्या मुख्य पाइपाला स्लिंगचा, म्हणजे वजन उचलायच्या जाड पट्ट्याचा, वेढा घालून त्यात. तिरक्या बारीक पाइपात नाही, ते वजन वाटायला असतात, एका जागी हिसका खायला नाही. लाईटच्या क्लॅम्पला नाही, केबलला तर नाहीच नाही. आणि तो ट्रस स्वतः कशावर उभाय तेही बघ, दोन टॉवरवर नुसता आडवा ठेवलेला, फुटबॉलच्या गोलपोस्टसारखा हलका असला तर ६०० किलोच्या हिसक्यानं तुझ्याबरोबर तोपण खाली येईल. लॅनयार्ड दोन हुकांचा घे, एक काढायच्या आधी दुसरा अडकलेला पाहिजे.

माझं सांगतो. एका लग्नाच्या हॉलमधे सगळा ट्रस वर चढवला आणि एक लाईट पेटेना. डीएमएक्सची, म्हणजे लाईटला बोर्डावरनं हुकूम नेणारी केबल नीट बसली नव्हती, खाली असताना बघितलं असतं तर दहा सेकंदांचं काम. ट्रस परत खाली घ्यायचा तर वीस मिनिटं जाणार, नवरदेवाची गाडी आलेली, म्हणून मी चढलो आणि हात पोचला तिथं हुक अडकवला, म्हणजे त्याच लाईटच्या क्लॅम्पला. पाय सरकला. क्लॅम्प पाइपवर गर्रकन फिरला लाईटसकट, आणि मी एका हातावर लोंबकळत, खालनं पोरं घोडा आणेपर्यंत. उजवा खांदा अजून पावसाळ्यात दुखतो. पट्टा होता, हुकपण होता.

तेव्हापासनं माझा एकच हट्ट आहे, ट्रस छातीएवढ्या उंचीवर असतानाच सगळे लाईट पेटवून, फिरवून, प्रत्येक लाईटचा डीएमएक्स नंबर म्हणजे अ‍ॅड्रेस तपासून, प्रत्येकाची सेफ्टी वायर हातानं ओढून बघायची आणि मगच चेन कप्पीला हात लावायचा. मूव्हिंग हेड, म्हणजे मोटरनं फिरणारे लाईट, तर खालनं कंट्रोल बोर्डावरनं फिरतात, त्यांच्यासाठी वर चढायचं कारणच काय?

प्रश्न : मी राजारामपुरीतल्या एका मंडळाचा कार्यकर्ता. यंदा चौकात १६ बाय १० फुटांची एलईडी वॉल लावायची ठरलीय, लोखंडी टॉवरवर, आणि मागनं दिसायला बरं म्हणून फ्लेक्सनं झाकणार आहोत. डेकोरेटर म्हणतो काय होत नाही, दरवर्षी लावतो. आमच्यातलाच एकजण म्हणतो वाऱ्याचं बघा. कुणाचं खरं?

उत्तर : त्या एकजणाला माझ्याकडनं चहा पाजा.

वॉलचं नुसतं वजन बघा. अर्ध्या मीटरचा एक चौकोनी कॅबिनेट साधारण सातआठ किलोचा, तुमच्या मापाला असे ६० लागतात, म्हणजे सव्वाचारशे ते पावणेपाचशे किलो, वर केबल नि हँगिंग बार वेगळे. एवढं वजन टॉवर सहज पेलतो, डेकोरेटर त्या अर्थानं बरोबर आहे. पण वारा वरनं दाबत नाही, आडवा ढकलतो. १६ बाय १० म्हणजे जवळजवळ १५ चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटरचा वारा आला तर त्या पत्र्यावर ९० ते ९५ किलोचा ढकला, चारपाच पोरं टेकली तर सांभाळतील. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, ७२, तर ढकला दुप्पट होत नाही, चौपट होतो, पावणेचारशे किलो, आणि तो पण जमिनीपासनं दहाबारा फूट वर. हा साधा हिशेब झाला, सपाट भिंतीला प्रत्यक्षात थोडा जास्तच बसतो. गणपतीतला पाऊस कसा येतो तुम्हाला सांगायला नको, दहा मिनिटं आधी घाम आणि मग एकदम अंगावर सरी आणि सोसाट्याचा वारा.

मागचा फ्लेक्स म्हणजे शीड. होडीला लावतात तेच तुम्ही चौकात लावताय. फ्लेक्स नकोच, अगदी हवा असेल तर जाळीचा घ्या.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर पडून १७ माणसं गेली, ते आठवत असेल. स्टेजचंही झालंय, १३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेत इंडियानाच्या जत्रेत मुख्य कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वाऱ्याच्या झोतानं स्टेजचं छत लोकांवर कोसळलं, सात जण गेले. तिथं तर सगळी कागदपत्रं ठेवणारी माणसं, आणि तरी.

डांबरी रस्त्यावर तुम्हाला खुंट्या ठोकता येत नाहीत, मग तणावे बांधणार कशाला? लाईटच्या खांबाला आणि समोरच्या दुकानाच्या ग्रिलला बांधलेले मी बघितलेत, ते करू नका. टॉवरच्या पायावर वजन ठेवा. २०० लिटरचं पाण्यानं भरलेलं बॅरल म्हणजे २०० किलो, पण भरलेलं पाहिजे, गेल्या वर्षी एका ठिकाणी रिकामी बॅरलं रंगवून ठेवली होती शोभेला. किती आणि किती लांबवर ठेवायची हे डेकोरेटरच्या अंदाजावर सोडू नका, मंडळात एखादा तरी सिव्हिलवाला असतोच, त्याच्याकडनं कागदावर मांडून सही घ्या. वॉल कप्पीवर ठेवा म्हणजे उतरवता येईल, आणि कोण उतरवणार, किती वाऱ्याला उतरवणार, हे आधीच ठरवा, कारण आरतीच्या वेळेला नि पाहुणा माईकवर असताना अध्यक्षांना विचारत बसलात तर कोण हो म्हणणार नाही. वारा मोजायचं छोटं मशीन मिळतं, डीजेच्या एका रात्रीच्या पैशापुढं ते काहीच नाही. आणि वर विजेच्या तारा कुठनं जातात बघा, ट्रस उभा करताना तो वाटतो त्यापेक्षा लांब झुकतो.

प्रश्न : आमचे हे लाईट-ट्रसच्या कामाला जातात, कळंब्याला राहतो. सीझनला पहाटे तीनला येतात नि परत दहाला जातात. मला त्यातलं काही कळत नाही. मी त्यांना काय विचारावं म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आमच्या घरातनं हा प्रश्न कधी तोंडावर आला नाही पण डोळ्यांत असायचा.

तुम्ही एवढंच विचारा, झोप किती झाली. पाना, हुक, पट्टा हे सगळं तीनला चुकतं, दहाला नाही. काम संपल्यावर ट्रस उतरवताना सगळ्यात जास्त गडबड असते, लोकांची घाई, टेम्पोवाला हॉर्न मारतोय, त्यात जेवण झालेलं नाही. आणि त्याच टेम्पोत पुढं बसून झोपेत गाडी चालवत येणं हे ट्रसपेक्षा भयानक आहे. डबा देताय तर पाण्याची बाटली मोठी द्या.

दुसरं, बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरलाय का बघा. वर्षाला २० रुपये खात्यातनं कापतात, १८ ते ७० वयाच्या माणसाला अपघातात बरंवाईट झालं तर २ लाख मिळतात. फार नाहीत, पण आहेत. आणि कामावर असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते हे १९२३ च्या कायद्यापासनं चालत आलंय, "रोजंदारीवर होता" म्हणून मालक सुटत नाही. त्यासाठी कामाला गेल्याचा पुरावा लागतो, म्हणून रोजचा पगार शक्यतो फोनवरनं खात्यावर घ्यायला सांगा आणि कामाचे मेसेज पुसू देऊ नका.

प्रश्न : मी लाईन बझारात डेकोरेशनचं काम करतो, हाताखाली आठ पोरं. सगळ्यांना हार्नेस घेतले, दोन हुकांचे लॅनयार्ड घेतले, खर्च केलाय. आता अजून काय राहिलंय?

उत्तर : मालक, मनापासनं नमस्कार, कोल्हापुरात असं करणारे बोटावर मोजण्याएवढे.

राहिलंय ते हे, की पोरगा पडला, हार्नेसनं धरला, आता तो वीस फुटांवर हवेत लटकतोय. पुढं? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं की फायर ब्रिगेडला फोन करू. करा, पण लटकलेल्या माणसाच्या मांड्यांचे पट्टे रक्त पायातच अडवून ठेवतात, तो हलत नसेल तर काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो आणि तसाच राहिला तर जीवसुद्धा जातो. गर्दीतनं गाडी चौकात येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून प्रत्येक कामाला वर माणूस चढायच्या आधी खाली शिडी किंवा परांची त्या जागेपर्यंत पोचेल अशी तयार पाहिजे, आणि ती वापरणारा माणूस ठरलेला पाहिजे. लटकलेल्यानं पाय हलवत राहायचं, पायात अडकवायचा फासा हार्नेसबरोबर मिळतो, त्यात उभं राहिलं की मांडीचा ताण जातो. खाली आणल्यावर आडवा झोपवा, श्वास बघा, १०८ लावा. बसवून ठेवा असं जुनी माणसं सांगायची, त्याला आता आधार नाही. आणि एकदा हिसका खाल्लेला लॅनयार्ड कापून टाका, नुसता बाजूला ठेवला तर पुढच्या सीझनला कुणीतरी घालणारच.

एक दिवस कामाशिवाय पोरांना गोळा करून हे करून बघा. माझ्याकडं पहिल्यांदा केलं तेव्हा लटकवलेल्याला खाली आणायला १४ मिनिटं लागली आणि निम्मा वेळ घोडा कुठाय हे शोधण्यात गेला.

प्रश्न : आमच्या अ‍ॅल्युमिनियम ट्रसच्या एका पाइपाला वेल्डिंगजवळ केसाएवढी चीर आहे. उद्यमनगरात आमचा माणूस एकदम भारी वेल्डिंग करतो. करून घेऊ का?

उत्तर : नको. उद्यमनगरच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे, तिथं काय बनत नाही, पण प्रश्न हाताचा नाही, धातूचा आहे. ट्रसचं अ‍ॅल्युमिनियम गरम करून थंड करून कडक केलेलं असतं, परत वेल्ड केलं की त्या जागेभोवतीचा कडकपणा उतरतो आणि ताकद बरीच कमी होते. कंपनी हे धरूनच ट्रस बनवते, नंतर केलेल्या वेल्डिंगचा हिशेब कुठंच नसतो. दिसायला जोड चकाचक आणि तुटतो जोडाच्या शेजारी. तो तुकडा अर्धा कापून टाका, म्हणजे कोण परत वापरणार नाही, भंगारवाला किलोनं पैसे देतो.

चीर शोधलीत कशी ते मात्र लिहिलं नाहीत. कुणी पोरानं पुसताना बघितली असेल तर त्याला बक्षीस द्या. आणि ती चीर एकाच जागी का आली तेही बघा, बऱ्याचदा दोन स्लिंगांचा कोन फार पसरलेला असतो. दोन स्लिंग एकमेकांच्या जवळ, उभ्या असतील तर वजन अर्धं अर्धं वाटलं जातं. त्यांच्यात १२० अंशांचा कोन झाला की प्रत्येकीवर पूर्ण वजन येतं, आणि ट्रसला आतल्या बाजूला दाब बसतो तो वेगळाच. कप्पी एक आणि ट्रस लांब म्हणून पोरं स्लिंगा आडव्या ताणतात, तिथं बघा. स्लिंग पॉलिएस्टरची असेल तर गरम लाईटच्या शेजारी ठेवू नका, वितळते, जोडीला स्टीलची वायर सुद्धा असू द्या.

तिरकी टाकलेली एक चिठ्ठीपण होती, नाव नाही, फक्त "हेल्मेट कशाला, डोक्यावर काय पडतंय?" पाना पडतो. अर्धा किलोचा पाना सहा मीटरवरनं ताशी ३९ किलोमीटरनं येतो. पान्याला दोरी बांधून मनगटाला अडकवा, खाली दोरी ओढून जागा मोकळी ठेवा, आणि हेल्मेट हनुवटीचा पट्टा असलेलं घ्या, नाहीतर वरचा वाकला की पहिलं हेल्मेटच खालच्याच्या डोक्यात.

राहिलेलं पत्र अ‍ॅम्पचं आहे, दोन चॅनलचा घेऊ का चारचा. ते पुढच्या महिन्यात.